एक तार, अनेक संगणक

घरात एकच संगणक असे आणि इंटरनेटची तार थेट त्याच्या पाठीत खोवली की काम भागे, तो काळ आता मागे पडला. आज वडिलांचा संगणक कचेरीच्या कामाला, मुलीचा कॉलेजच्या अभ्यासाला, शिवाय प्रत्येकाच्या हाती मोबाईल. बाहेरून येणारी तार मात्र एकच. त्या एका तारेवर सगळ्यांची सोय लावणारी जी लहानशी पेटी, तिचं नाव राउटर.

हिचं काम समजायला जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाड्यात बिऱ्हाडं दहा, पण पत्ता एकच. पोस्टमन सगळी पत्रं दिंडीदरवाजाशी देतो. कोणतं पत्र कोणाचं, ते आतला माणूस पाहतो. राउटर हा तो आतला माणूस. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो. आत मात्र राउटर प्रत्येक यंत्राला निराळा आकडी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ह्या आकड्यांनी सुरू होतो. कोणी काय मागवलं याची नोंद ठेवून, आलेलं उत्तर तो ज्याचं त्याला पोचवतो. अर्थात तारेतून येणारा वेग तेवढाच राहतो. तो सर्वांत वाटला जातो.

जोडणी अवघड नाही. कंपनीच्या मोडेमकडून आलेली केबल राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत बसवावी. दुसऱ्या एखाद्या खाचेतून एक संगणक तारेने जोडावा आणि राउटरच्या बुडाशी छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये लिहावा, म्हणजे मांडणीचं पान उघडतं. जो संगणक टेबलावरून हलणारच नाही, त्याला कायमची तारच बरी.

आता जागेचा विचार. ज्या लहरींवरून आकाशवाणीचं भाषण तुमच्या घरी येतं, त्याच जातीच्या ह्या लहरी. पण फार दुबळ्या. जाड भिंत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी यांच्यापुढे त्या थकतात. म्हणून राउटर कोपऱ्यात किंवा टीव्हीमागे न दडवता घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवावा. पुष्कळ राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब पोचते, पण तिथे शेजाऱ्यांची गर्दी असते, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही तिथेच लुडबुड करते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार खाते. जवळच्या यंत्राला दुसरी द्यावी, लांबच्याला पहिली.

पण लहर भिंतीपाशी थांबत नाही. ती जिन्यात जाते, रस्त्यावरही जाते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटं आधी धमकीची एक ई-मेल गेली होती. तिचा माग काढत पोलीस पोचले ते नव्या मुंबईत, सानपाड्याला, एका परदेशी गृहस्थांच्या दारी. त्यांच्या उघड्या वायफायचा दुसऱ्याच कुणी गैरफायदा घेतला होता, असं पुढे तपासात दिसून आलं; पण चौकशीला तोंड द्यावं लागलं ते त्यांना. वाड्याचं उदाहरण इथे पुन्हा ध्यानात घ्या. बाहेरून दिसतो तो घराचा एकच पत्ता, आणि तो पत्ता असतो तुमच्या नावाचा.

म्हणून किल्ल्या दोन, आणि दोन्ही पहिल्याच दिवशी बदलाव्यात. एक मांडणीच्या पानाची. ती कारखान्यातून ‘अॅडमिन’ अशी जगजाहीर आलेली असू शकते. दुसरी वायफायची. कुलूप निवडताना २०१८ साली आलेलं डब्ल्यूपीए-३ घ्यावं. जुनी यंत्रं ते मानत नसतील तर डब्ल्यूपीए-२ चालेल. डब्ल्यूईपी नावाचं जुनं कुलूप मात्र २००१ सालीच फोडलं गेलं. त्याच्या वाटेला जाऊ नये. पासवर्ड मुलांच्या नावाचा किंवा टेलिफोन नंबराचा नको; एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द ओळीने घ्यावेत. लक्षात राहतात आणि ओळखायला कठीण जातात. पाहुण्यांसाठी निराळं ‘गेस्ट’ जाळं उघडता येतं. पाहुणा ओसरीवर बसतो, माजघरात येत नाही, तसंच हे.

एवढं झालं की घरच्या सगळ्यांनी खुशाल आपापलं काम करावं. दिंडीदरवाजा मात्र लावलेला असू द्यावा.