गाडीचा पाटा आणि ओझ्याचा हिशेब



या व्यासपीठावरून आपण वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ ऐकलेत. आज मी पोलादाच्या एका पट्टीविषयी बोलणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते गॅरेजच्या ओट्यावर आणि वाहतूक कामगारांच्या संघटनेच्या कचेरीत. तेव्हा कुठे चुकलो तर सभेतल्या इंजिनियर मंडळींनी खुशाल हात वर करावा.

आपल्या गल्लीत भाजी येते, शेजारच्या बांधकामावर सिमेंट येते, ते बहुधा पिकअप नावाच्या छोट्या मालगाडीतून. लासलगावला कांद्याच्या हंगामात गेलात, तर ट्रॅक्टरांच्या जोडीने याच गाड्या उभ्या दिसतील. एखादी मागून पार बसलेली आणि नाक वर केलेली असते. तिचा पाटा दमलेला असतो.

मागच्या प्रत्येक चाकापाशी धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून मध्ये बोल्टाने आवळलेल्या असतात, तो हा पाटा. सर्वांत लांब पट्टी मुख्य. बाकीच्या क्रमाने आखूड होत जातात. वजन आले की धनुष्य सरळ होऊ लागते आणि त्याची लांबी वाढते. त्या वाढीला जागा मिळावी म्हणून त्याचे एक टोक झोक्यासारख्या हलत्या कडीला अडकवलेले असते. तिला कारागीर शॅकल म्हणतात. ओझ्याखाली पाटा सरळ झाला म्हणजे बिघडला असे नव्हे, त्याचे कामच ते आहे. तो उलटा वाकू लागला, किंवा धुरा वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटू लागला, की समजावे, हिशेब चुकला.

आता कोणी म्हणेल, उभ्या गाडीत तर पाटा ठीक दिसत होता, मग वाटेत कसा तुटला? रद्दीवाल्याचा ताणकाटा आठवा. पाच किलोचे वजन हळूच टांगले तर काटा पाचावर थांबतो. तेच वजन आकड्याला अडकवून हात एकदम सोडा. काटा क्षणभर दहाच्या आसपास जाऊन मग पाचावर येतो. खड्डा म्हणजे असाच एकदम सोडलेला हात. दीड टन भरलेल्या गाडीचा पाटा वाटेत क्षणाक्षणाला त्याहून पुष्कळ अधिक सोसत असतो, आणि असे हजारो झटके खाल्ल्यावर एखाद्या बारीक चिरेपासून तुटतो.

ओझे डोळ्यांनी जोखण्याची सवय मात्र आपल्या लोकांना फार. कडब्याची गाडी डोंगराएवढी दिसते आणि वजनाला हलकी असते. वाळूचे उलट. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौद्यात फक्त एक फूट वाळू पसरा. ती झाली सुमारे अर्धा ब्रास, म्हणजे सव्वादोन टनांच्या घरात, आणि ओली असेल तर त्याहूनही जास्त. हौदा अर्धा रिकामाच दिसतो, पण दीड-पावणेदोन टनांची गाडी केव्हाच हद्दीबाहेर गेलेली असते. सिमेंटचे बरे असते, गोणीवर पन्नास किलो छापलेले असतात. (आडत बाजारात पूर्वी शंभर किलोचे पोते असे. ते पन्नासाचे व्हावे म्हणून हमालांना लढावे लागले. गाडीला संघटना नाही, एवढाच फरक.)

हिशेब सोपा आहे. समजा, नोंदणीपत्रात भरलेल्या गाडीचे वजन ३,४०० किलो आणि मोकळ्या गाडीचे १,७५० किलो लिहिले आहे. फरक १,६५० चा. पण मोकळ्या वजनात चालक धरलेला नसतो. तो आणि त्याचा जोडीदार मिळून १३० किलो वजा करा. मागून बसवलेल्या जाळ्या, फळ्या, ताडपत्री यांचे वजन वजा करा. मालाला दीड हजाराच्या आतच उरतात.

एवढ्याने भागत नाही, कारण ओझे किती यापेक्षा ते कुठे हे कधी कधी महत्त्वाचे ठरते. पुढच्या-मागच्या धुऱ्यांत तीन मीटर अंतर आहे असे धरा. हजार किलोचे यंत्र मागच्या धुऱ्याच्या तीस सेंटिमीटर पुढे ठेवले, तर मागच्या धुऱ्यावर ९०० किलो येतात आणि १०० पुढे जातात. तेच तीस सेंटिमीटर मागे सरकवले, की मागे १,१०० येतात आणि पुढचा धुरा उलट १०० किलोंनी हलका होतो. यंत्र तेच, पाट्याला मात्र दोनशे किलोंचा फरक. शिवाय सुकाणू हलके पडते, आणि रात्री दिव्याचा उजेड रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडतो. जड माल खाली आणि केबिनच्या भिंतीकडे, डावे-उजवे सारखे वाटून रचावा. फाळक्यापाशी हलके सामान. हे जुन्या हमालाला पुस्तकावाचून कळते. उतरवायला सोयीचे म्हणून जड माल फाळक्याशी ठेवायला सांगणारा बहुधा मालाचा धनी असतो.

यावर आपल्याकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे जादा पाटा घालणे. गाडी बसत नाही, मालक खूश. पण जादा पाट्याने धुरा जाड होत नाही, टायर, बेअरिंग आणि ब्रेक होते तेच राहतात. वाकून सांगणारा एक भाग होता, त्याचे तोंड बंद होते इतकेच. आमच्या एका सभासदाच्या गाडीला असे दोन-दोन पाटे चढवले होते. सहा महिने काही मोडले नाही. मग घाटात मागचे बेअरिंग गेले, चाक निखळले, आणि त्याचा पाय मोडला. मालकाने 'बेफिकीर चालवले' असा ठपका ठेवून दुरुस्तीचा खर्च पगारातून कापायला सुरुवात केली.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११३ मर्यादेबाहेर वजन नेण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये वीस हजार रुपये आणि वरच्या दर टनाला दोन हजार असा दंड ठेवला. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. पण चालक हा गाडीचा मालक नसेल, तर मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच हे घडले असे न्यायालय गृहीत धरू शकते, हेही त्याच कलम ११३ मध्ये आहे. चालकांपैकी फारच थोड्यांना ते ठाऊक असते.

त्या प्रकरणात आमच्याजवळ वजनाचा कागद नव्हता. भांडून कपात थांबवली. आधी कापलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी चालकांना दोन चिठ्ठ्या घ्यायला सांगतो. वजनकाट्यावर एकदा पूर्ण गाडी तोलायची, आणि मग पुढची चाके काट्याबाहेर काढून एकट्या मागच्या धुऱ्याचे वजन घ्यायचे. पाय बरा झाल्यावर तो सभासद पुन्हा गाडीवर गेला. पहिल्याच खेपेला मागच्या धुऱ्याची चिठ्ठी जास्त निघाली, तेव्हा त्याने काट्यावरच चार गोण्या उतरवल्या आणि मालकाला फोन करून त्या न्यायला यायला सांगितले.