घरचे दप्तर

रेवदंड्यात कागद टिकत नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्यांची दाट सावली आणि वर चार महिने पाऊस. इथे पापड सादळतो तसा कागदही सादळतो. फरक एवढाच, की पापड पुन्हा उन्हात घालता येतो. टाचणीला गंज चढतो आणि गंजाचा डाग नेमका सही-शिक्क्यावर उतरतो. उरलेले काम कसर आणि वाळवी आपसात वाटून घेतात. पोर्तुगीजांनी या गावाभोवती तट बांधला, दोनशेहून अधिक वर्षे राखला आणि १७४० मध्ये गाव मराठ्यांच्या हाती दिले. तटाचे अवशेष अजून उभे आहेत, पण त्या काळचा कागद पाहायचा तर गोव्याला किंवा लिस्बनला जावे लागते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ज्या दप्तरावर आयुष्य घातले, त्या गोव्याच्या पुराभिलेखागारात 'मोसमांची पुस्तके' नावाचे जाडजूड खंड आहेत. राजाची पत्रे मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून येत, म्हणून हे नाव. ज्या मोसमाने आमच्याकडचे कागद खाल्ले, त्याच्याच नावाने तिथले टिकले!

हे सगळे सुचले ते मे महिन्याच्या एका दुपारी, खोलीभर कागद पसरून मधोमध बसलेलो असताना. खोली म्हणजे पडवीचा एक तुकडा बंद करून केलेली आठ बाय दहाची जागा. खिडकीशी टेबल, एक गोदरेजचे कपाट, भिंतीत जुने फडताळ आणि अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, दोन पत्र्याच्या ट्रंका. बँकेत अडतीस वर्षे काढून २०१९ मध्ये निवृत्त झालो आणि इथे येऊन राहिलो, तेव्हा ठरवले होते की पहिल्या पावसाआधी ही खोली लावून टाकायची. ते राहिले. दरम्यान दोन कादंबऱ्या लिहून झाल्या. त्यांचे खर्डेही त्याच ढिगात जाऊन पडले. कादंबरीकाराला पसारा शोभतो, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालीत असे. बँक अधिकाऱ्याला ते पटत नसे.

अखेर निकड आली ती ठाण्याच्या चुलतभावाच्या फोनने. "दादा, वाडीला गिऱ्हाईक आलंय. पार्टी मुंबईची आहे, कागद मागते. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, सगळं. आहे ना तुझ्याकडे?" जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून आमच्या पट्ट्यात असे फोन घरोघर येतात. "आहे," मी म्हणालो. होते हे खरे; कुठे होते, ते सांगता आले नसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बँकेत मी एक व्हाउचर पाच मिनिटांत काढून दाखवीत असे. रोजची व्हाउचरे क्रमाने लावायची, दाभणाने भोके पाडून दोऱ्याने शिवायची, वर तारीख आणि संख्या घालून सही करायची. त्या गठ्ठ्यातून एखादे गळाले तर शाखेत जेवण गोड लागत नसे.

घरी ही शिस्त का चालत नाही, याचा मी बराच विचार केला आहे. बँकेत कागद तारखेने लावतात, कारण तिथे दिवस हाच धनी असतो. घरात कागद माणसांचे असतात. पूर्वी मी विषयवार फाइली करून पाहिल्या: घर, वाडी, विमा, आजारपण, प्राप्तिकर. पंधरा दिवसांत 'संकीर्ण' नावाची सोळावी फाइल सर्वांत जाड झाली. ज्याच्या घरी 'संकीर्ण' फाइल आहे, त्याच्या घरी फाइलच नाही असे समजावे.

मग आठवली सरकारी कचेरीतली सहा गठ्ठा पद्धत. सरकारी दप्तराला नावे ठेवण्याची आपल्याला हौस असते, पण त्या दप्तराचाही विचार कुणीतरी केलेला आहे. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपली कचेरी आणि तिचे दप्तर नव्याने लावले, तेव्हा त्याची 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर चर्चा झाली होती. आमच्या शाखेतही त्यावर चहा पिताना वाद झाल्याचे मला आठवते. सहा गठ्ठ्यांची खुबी अशी, की कागद कशाबद्दल आहे हे ती विचारीत नाही. त्याचे पुढे काय करायचे आहे, हे विचारते. आपण काही करायचे राहिले आहे ते प्रलंबित. आपण केले, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे ते प्रतीक्षेत. ठरावीक काळाने करावे लागते ते नियतकालिक. नेहमी हाताशी हवेत ते स्थायी आदेश. काम संपले, पण जपायचे आहे ते अभिलेख कक्षात जाणार. आणि सहावा गठ्ठा नष्ट करायचा.

जपायचे तरी किती दिवस, यालाही सरकारी वर्ग आहेत. 'अ' म्हणजे कायम, 'ब' म्हणजे ३० वर्षे, मग दहा आणि पाच वर्षांचे 'क', आणि एका वर्षात काढून टाकायचा तो 'ड'. बँकांनाही १९८५ चे नियम आहेत. काही नोंदी पाच वर्षे, काही आठ. म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचा पुरावा मागायला तुम्ही शाखेत गेलात आणि तिथल्या माणसाने हात वर केले, तर तो नेहमीच कामचुकार असतो असे नाही. तुमच्याकडची ठेवपावती हाच मग पुरावा. दहा वर्षे कुणी न विचारलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, दावा करता येतो, आणि २०२३ पासून 'उद्गम' या संकेतस्थळावर नावाने शोधताही येते. पण आपल्या माणसाने अमुक बँकेत काही ठेवले होते, अशी शंका तरी घरच्यांना यायला हवी ना!

या बाबतीत माझ्या नावावर एक जुनी बाकी आहे. मी नवा अधिकारी असताना एका बाईंना मी तीनदा परत पाठवले होते. नवरा गेलेला, खात्यावर वारस नोंदवलेला नाही. प्रत्येक वेळी त्या एक कागद आणीत आणि प्रत्येक वेळी मी दुसरा मागे. चौथ्यांदा त्या आल्याच नाहीत. नियमाने मी बरोबर होतो, पण कोणते कागद लागतील ते पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून द्यायला मला दोन मिनिटे लागली असती. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी पैसे स्वीकारणारा, हे मात्र अजून घरोघर समजावून सांगावे लागते.

तर सहा खोकी मांडली आणि कामाला लागलो. सर्वांत लवकर भरले ते सहावे: १९८८ पासूनची विजेची बिले, बंद झालेल्या कंपन्यांची पत्रे, मी कधीही न वाचलेले वार्षिक अहवाल. अण्णांच्या ट्रंकेतला माल मात्र वेगळा निघाला. वेखंडाच्या कांड्या घातलेल्या फडक्यात बांधलेला गठ्ठा. 'रुमाल' हा पेशवे दप्तरातला शब्द मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला. त्यात चौलकडच्या भातजमिनीचा ३२-म चा दाखला होता. आमच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवून संप केला. १९४८ चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या सगळ्याचे आमच्या घरी उरलेले फळ म्हणजे हा एक पिवळा कागद. तो 'अ' वर्गात गेला, हे सांगायला नकोच.

आता कुणी म्हणेल, सातबारा मोबाइलवर मिळतो, एवढा खटाटोप कशाला? मीही तसे म्हणत असे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले, वाड्या आडव्या झाल्या, आणि कित्येक दिवस वीज नव्हती, फोन नव्हते. पंचनामे आले तेव्हा लोक ओल्या ट्रंकेतले कागद चुलीच्या उबेला वाळवीत होते. शिवाय जुन्या कागदाला कायद्यात एक मान आहे. तीस वर्षांपूर्वीचा दस्त योग्य माणसाच्या ताब्यातून आला, तर न्यायालय तो खरा धरून चालू शकते. तो कुठे आणि कुणी जपला होता, यालाही किंमत आहे.

त्याच रुमालात वाडीचे कागद सापडले. आजोबा १९७४ मध्ये गेले. वारसनोंद, मग आत्याचे हक्कसोडपत्र, नोंदवलेले, शिक्क्यासकट. दोन भावांच्या लाभात बहिणीने हिस्सा सोडला, मोबदला काही नाही. त्या काळी घरोघर असेच होत असे आणि त्याला कुणी अन्याय म्हणत नसे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, पण त्याआधी रीतसर नोंदवून झालेल्या व्यवहारांना त्याने बाधा येत नाही. गिऱ्हाइकाच्या वकिलाला दाखवायला अगदी चोख कागद. भावाला लगेच कळवावे म्हणून फोन उचलला, तर दस्ताच्या घडीतून एक निळे आंतर्देशीय पत्र खाली पडले.

पत्र आत्याचे होते, दस्तानंतर तीन आठवड्यांनी डोंबिवलीहून लिहिलेले. मुलांच्या परीक्षा, पाण्याची टंचाई, आणि शेवटी, कडेच्या घडीवर जागा उरली तिथे बारीक अक्षरात: "सही केली, त्याचे काही वाटत नाही. फक्त मे महिन्यात मुलांना घेऊन येऊ का, असे आता विचारून यावे लागेल का, तेवढे कळवावे."

अण्णा शाळामास्तर. आलेल्या प्रत्येक पत्रावर निळ्या पेन्सिलीने 'उ. दि.' म्हणजे उत्तर दिले, आणि खाली तारीख, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्या ट्रंकेतल्या सगळ्या पत्रांवर ती खूण आहे. दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा आहे. या पत्रावर नाही. पुन्हापुन्हा उजेडाकडे धरून पाहिले. आणि आत्या मे महिन्यात कधी राहायला आली नाही, लग्नकार्याला येऊन संध्याकाळच्या गाडीने परतत असे, हे मला तेव्हा आठवले. तिला घाई असते, असे आम्ही मुले म्हणत असू.

हक्कसोडपत्र पाचव्या खोक्यात गेले. पत्र हातात घेऊन मी बराच वेळ बसलो, आणि ते पहिल्या खोक्यात ठेवले, विजेच्या नव्या बिलावर.

आत्या आज शहाऐंशी वर्षांची आहे, लेकीकडे असते. संध्याकाळी फोन केला. पत्राचे मी बोललो नाही. वाडी विकायची बोलणी चालली आहेत, तुला काय वाटते, एवढे विचारले. "मला रे काय विचारतोस?" म्हणाली. मग थांबून, "विहिरीपाशी रातांबा होता, तो आहे का?" निसर्ग वादळात पडला, पण बुंध्याला फुटवा आला आहे, असे सांगितले. "किती उंच?" मी अदमासाने कमरेइतका म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर बॅटरी घेऊन खरेच पाहून आलो.

पाऊस सुरू व्हायच्या आत येते म्हणाली आहे. भाची सोबत येईल, जिना चढवत नाही म्हणून माजघरात खाट टाकायची आहे. चुलतभावाला मी कळवले आहे, की कागद सगळे सापडले, पण वाडीचे आत्या येऊन गेल्यावर बोलू. तो थोडा घुश्शात आहे. गिऱ्हाइकाच्या माणसाचेही दोनदा फोन येऊन गेले; त्याचे नाव-पत्ता दुसऱ्या खोक्यात टाकला आहे.