छोट्या कॅमेऱ्याचा छोटा दिवा

मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात एखादा छोटा डिजिटल कॅमेरा पडून असेल. मोबाइल आले आणि तो मागे पडला. हल्ली कॉलेजची मुलंच तो शोधून बाहेर काढतायत. सेल चार्ज होत असतील तर तुम्हीही काढा.

आमच्या बचत गटाच्या बैठका रात्री, स्वयंपाकपाणी आवरल्यावर होतात. देवळाचा सभामंडप आणि एकच ट्यूबलाइट. अशा उजेडात फोटो हमखास धूसर येतात. कारण कॅमेरा फोकस करताना उजेड-अंधाराच्या कडा शोधतो, अंधारात त्या त्याला सापडत नाहीत. त्यासाठीच लेन्सच्या बाजूला एक इवलासा दिवा असतो. बटण अर्धं दाबलं की तो क्षणभर लागतो, चौकट हिरवी होते, मग बटण पूर्ण दाबायचं. चौकट पिवळी किंवा लुकलुकती राहिली तर घाई नको, पुन्हा अर्धं दाबा.

हा दिवा म्हणजे फ्लॅश नव्हे बरं का! तो फक्त फोकसला मदत करतो, फोटो उजळ करत नाही. त्याचा उजेड थोड्याच अंतरापर्यंत पोचतो, म्हणून झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. आणि त्यावर बोट येऊ देऊ नका. मेनूत कॅननमध्ये ‘एएफ असिस्ट बीम’, सोनीत ‘एएफ इल्युमिनेटर’ असं नाव दिसेल. बाळ झोपलेलं असेल किंवा कीर्तन, नाटक चालू असेल, तर तो बंद ठेवावा. समोरच्याच्या डोळ्यांवर येतो.

दुसरी सोय रिव्ह्यूची. काढलेला फोटो दोन-तीन सेकंद पडद्यावर दिसतो. ही वेळ मेनूतून वाढवता येते. पण एवढ्याशा पडद्यावर सगळेच फोटो छान वाटतात! म्हणून प्लेचं बटण दाबून झूमच्या खटक्याने चेहरा मोठा करा. डोळे स्पष्ट आहेत? कुणी मिटलेत? बॅटरी कमी असेल तर मात्र रिव्ह्यूची वेळ कमीच ठेवा.

‘एवढं कशाला?’ असं वाटेल. आमच्या गटातल्या एका आजींचा आधार कार्डावरचा सोडला तर एकही फोटो नव्हता. त्या गेल्या, तेव्हा भिंतीवर लावायला मुलाने हळदीकुंकवातला फोटो मागून नेला. त्या संध्याकाळी पहिल्या फोटोत त्यांचा चेहरा हलला होता. तो तिथेच मोठा करून पाहिला, म्हणून त्यांना पुन्हा बसवून दुसरा काढता आला.

आपल्याकडच्या कितीतरी बायका आयुष्यभर सगळ्यांच्या मागे उभ्या राहतात, नाहीतर स्वयंपाकघरातच असतात. त्यांना पुढे बोलवा, बसवा. आणि फोटो नीट आलाय ना, हे माणसं उठायच्या आत बघा!