केसभर चुकलं!

सुरुवातीलाच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागितला गेला तेव्हा रूममेट्स पोट धरून हसल्या. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी! विषय मात्र असा घेतलाय, ज्यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे.

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. प्रोजेक्टच्या डेमोला चार दिवस राहिले होते. आम्ही चौघींनी वर्गणी काढून दहा पीसीबी, एक स्टेन्सिल आणि पार्ट्स मागवले. लॅबमधल्या हाताने चालवायच्या स्टेन्सिल प्रिंटरवर एका संध्याकाळी सहा बोर्डांवर पेस्ट लावली, पार्ट्स ठेवले, ओव्हनमधून काढले आणि मग मॅग्निफायरखाली पाहिलं. सहाच्या सहा शॉर्ट! चौसष्ट पायांच्या आयसीचे शेजारशेजारचे पाय चकचकीत सोल्डरने एकमेकांना चिकटलेले. पहिला बोर्ड तपासून मग दुसरा करावा, एवढी साधी अक्कल कुणालाच सुचली नाही. असो.

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिवाळीत रांगोळीचे छाप मिळतात ना, भोकांच्या जाळीवर रांगोळी टाकायची, हात फिरवायचा आणि जाळी सरळ वर उचलायची? स्टेन्सिल म्हणजे तेच. फक्त जाळीऐवजी सुमारे ०.१२ मिमी जाडीचा स्टीलचा पत्रा, त्यात लेझरने कापलेली भोकं, आणि रांगोळीऐवजी सोल्डर पेस्ट. पेस्ट म्हणजे सोल्डरची बारीक पूड अधिक फ्लक्स. दिसायला करड्या रंगाचं श्रीखंड! (म्हणून मेसच्या फ्रिजमध्ये ठेवायचा विचारही करू नका. आमच्या पेस्टमधल्या सोल्डरमध्ये ३७ टक्के शिसं आहे.) स्क्वीजी नावाच्या धातूच्या पट्टीने ती भोकांतून खाली पॅडवर उतरवायची, एवढंच काम.

मग अडतं कुठे? आमच्या आयसीच्या दोन पायांमधलं अंतर ०.५ मिमी. त्यात पॅड ०.३ मिमी रुंद, म्हणजे मधली मोकळी जागा ०.२ मिमी. स्टेन्सिल ०.१ मिमी सरकली, साधारण एका केसाएवढी, की अर्धी मोकळी जागा पेस्टने व्यापली. वरून आयसी दाबून ठेवला की उरलेली जागाही गेली. मोठे रेझिस्टर, कपॅसिटर असतील तर वितळलेलं सोल्डर पृष्ठताणामुळे पार्टला ओढून पॅडवर आणतं, आपली चूक पोटात घालतं. बारीक पायांचा आयसी एवढा दयाळू नसतो.

दुसऱ्या दिवशी लॅबमधले काका आमची तोंडं बघून जवळ आले. काका पूर्वी स्क्रीन प्रिंटिंगने लग्नपत्रिका छापत. त्यांनी नॉबला हातही लावला नाही. आमचा बोर्ड ट्रेमधून काढला, परत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. आणि म्हणाले, "पोरींनो, कागदच जागेवर बसत नाही, तर रंग कसा जागेवर बसंल?"

खरंच! आम्ही बोर्ड सेलोटेपने चिकटवत होतो, आणि प्रत्येक वेळी तो थोडा वेगळा बसत होता. शिवाय पॅनेलमधून तोडताना बोर्डाच्या कडेला बारीक टोकं राहिली होती, त्यांच्यावर तो किंचित गिरकी घेत होता. टोकं कानशीने घासली. मग काकांनी खराब झालेल्या बोर्डांमधून 'एल' आकाराचे दोन तुकडे कापून घेतले आणि आमचा बोर्ड त्यांच्या कोपऱ्यांत बसेल असे ट्रेवर पक्के चिकटवले. तुकडे खराब बोर्डांचेच का? कारण जाडी सारखी हवी, आमच्याकडे १.६ मिमी. आजूबाजूचा आधार बोर्डापेक्षा उंच असेल तर स्टेन्सिल बोर्डाला टेकतच नाही, फटीतून पेस्ट आत शिरते. आधार खाली असेल तर स्क्वीजी कडेवर येताच पत्रा वाकतो. बोर्डावरून टेप मारली तरी तीच फट पडते. बोर्ड दहा वेळा काढून ठेवा, एकाच भोकातून एकच पॅड बघा. ते दहाही वेळा तिथेच दिसलं, तरच नॉबकडे वळा.

आता नॉब. प्रिंटरला तीन असतात: डावी-उजवी, पुढे-मागे आणि गोल फिरवणारा. आम्ही काय केलं होतं? एक कोपरा जुळवला, तर समोरचा चुकला. तो जुळवला, तर पहिला गेला. तासभर हा उंदीर-मांजराचा खेळ! खरी पद्धत अशी: तिरपे समोरासमोर असलेले, शक्य तितके लांबचे दोन पॅड निवडा. दोन्हीकडे चूक एकाच दिशेने आणि सारखी असेल तर ती सरळ सरकवून जाईल. एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली असेल तर स्टेन्सिल फिरलेली आहे. आधी फिरणं काढा, मग सरकवा, कारण फिरवलं की बाकीचं पुन्हा हलतंच. १०० मिमी लांबीवर ०.१ मिमीची चूक म्हणजे जेमतेम ०.०६ अंश. त्यामुळे हा नॉब फिरवायचा नाही, नुसता विचार करायचा! आणि दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला चुकत असतील, तर बोर्ड आणि स्टेन्सिलच्या मापातच फरक आहे, तिथे कुठलाच नॉब चालत नाही. अशा वेळी बारीक पायांचा आयसी बरोबर धरायचा आणि मोठ्या पार्ट्सना थोडं चुकू द्यायचं.

डोळ्यांवरही फार विश्वास ठेवू नका. स्टेन्सिल बोर्डापासून अर्धा मिलिमीटर वर असेल आणि तुम्ही २० अंश तिरपं बघत असाल, तर जवळजवळ ०.१८ मिमीचा भास होतो, म्हणजे आमची अख्खी मोकळी जागा! म्हणून काकांची दुसरी युक्ती मला फार आवडली. बोर्डावर ओएचपीची पारदर्शक शीट ताणून एका कडेने चिकटवायची आणि पहिला प्रिंट शीटवर घ्यायचा. स्टेन्सिल उचलली की पेस्टचे ठसे आणि खालचे पॅड, दोन्ही एकावर एक दिसतात. चुकलं? शीट पुसा, नॉब हलवा, पुन्हा छापा. बोर्ड खराब होत नाही, आणि पेस्ट भोकांत अडकून बसत नाही. शीटमुळे कडा थोड्या पसरतात, म्हणून फक्त जागा बघायची, आकार नाही.

बाकीचं पटकन सांगते. पेस्टची बरणी फ्रिजमधून काढल्यावर काही तास बंदच राहू द्या. थंड बरणी उघडली तर हवेतलं पाणी पेस्टमध्ये उतरतं आणि ओव्हनमध्ये सोल्डरचे थेंब उडतात. स्क्वीजी साधारण ६० अंशात धरा, दाब पत्रा स्वच्छ पुसला जाईल इतकाच. जोर केला की पत्रा सरकतो. उचलताना घाई नको, बिजागरीमुळे एक बाजू आधी सुटते आणि पेस्ट फासली जाते. दर दोन-तीन प्रिंटनंतर स्टेन्सिलची खालची बाजू पुसा.

इंडस्ट्रियल व्हिजिटला आम्ही मोठं स्वयंचलित मशीन पाहिलं होतं. त्यात कॅमेरा बोर्डावरच्या १ मिमीच्या तांब्याच्या गोल खुणा आणि स्टेन्सिलवरच्या तशाच खुणा बघून सगळं स्वतः जुळवतो. तेव्हा जादू वाटली होती. आता कळलं, तो पण लांबच्या दोन खुणाच बघतो!

त्या संध्याकाळी सातव्या बोर्डाला दोन तास लागले, पुढच्या दोघांना मिळून वीस मिनिटं. हॉस्टेलचं गेट बंद व्हायला सात मिनिटं होती, रेक्टर मॅडम दारातच उभ्या होत्या. डेमोला तीन बोर्ड चालले. दहावा अजून कोरा आहे आणि स्टेन्सिलसकट लॅबच्या कपाटात तिसऱ्या खणात ठेवलाय. ट्रेवरचे 'एल' तुकडे मात्र आहेत तसेच आहेत. तुमचा बोर्ड त्याच मापाचा असेल तर बिनधास्त वापरा, पण ते काढू नका, प्लीज!