गोळीचा दोष की भीतीचा?

समजा, तुम्ही जव्हार-मोखाड्यात रक्तदाबाच्या रुग्णांचा सर्व्हे करताय. एक दादा गोळी मध्येच सोडतात. कारण विचारलं तर नुसतं "बरं वाटेना". प्रश्नावलीत लैंगिक त्रासाचा प्रश्नच नसेल, तर खरं कारण निसटतं. पण विचारायचं कसं, हीच पंचाईत.

2003 साली 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये आलेला इटलीतला अभ्यास बघा. 96 हृदयरुग्ण पुरुष, आधी ताठरतेची तक्रार नसलेले. सगळ्यांना ॲटेनोलॉल, पण 32-32 चे तीन गट. औषध कुठलं हेच माहीत नव्हतं, त्या गटात एकालाच त्रास झाला. फक्त नाव माहीत होतं, तिथे 5 जणांना. दुष्परिणामही सांगितला होता, तिथे चक्क 10! गोळी तीच. याला म्हणतात नोसिबो.

म्हणून 'गोळीमुळे त्रास होतो का?' असं विचारू नका. उत्तर तुम्हीच पेरताय. त्रास आहे का, कधीपासून, गोळीआधी होता का, हे सुटं सुटं विचारा. रक्तदाब आणि मधुमेहानेही ताठरता कमी होतेच. आणि हो, विचारणारा पुरुषच असू द्या, आशाताईंना हे कोण सांगणार?

अशी गोळी एकदम सोडणं हृदयाला धोक्याचं, डॉक्टर ती बदलून देऊ शकतात, एवढं मात्र उठण्याआधी दादांना सांगा.