चुंबकाचा कल

लोखंडाचा किंवा कोबाल्टचा तुकडा तारेच्या वेटोळ्यात ठेवून त्यावरील चुंबकीय क्षेत्र प्रथम एका दिशेने वाढवीत नेले, मग हळूहळू उतरवून उलट दिशेने तितकेच वाढविले, आणि या फेऱ्यात धातूचे चुंबकत्व कसकसे बदलत जाते याची नोंद आलेखावर केली, तर कागदावर एक फुगीर, बंद वक्र उमटतो. धातू क्षेत्राचा हुकूम मानतो, परंतु पूर्वीच्या अंमलाचे स्मरण ठेवून, जरा मागे रेंगाळत मानतो. या रेंगाळण्यालाच शास्त्रज्ञ हिस्टेरिसीस म्हणतात. सामान्य धातूत हा वक्र शून्याच्या दोन्ही अंगांना सारखाच पसरलेला असतो. एका दिशेचे चुंबकत्व पुसून टाकण्यास जेवढे उलट क्षेत्र लागते, तेवढेच दुसऱ्या दिशेचे पुसण्यास लागते.

१९५६ साली न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधन-प्रयोगशाळेत, मिकलजॉन आणि बीन या दोघांनी कोबाल्टच्या अतिसूक्ष्म कणांवर असे प्रयोग केले, तेव्हा त्यांना हा वक्र मध्य सोडून एका बाजूला सरकलेला आढळला. असा आलेख समोर आला की पहिला संशय मोजणीच्या यंत्रावर जावा, हे स्वाभाविक होय. येथे यंत्र निर्दोष होते. कणांवर कोबाल्ट ऑक्साइडचे पातळ कवच होते, आणि ते कण प्रबळ क्षेत्रात ठेवून द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसपर्यंत, थंड केलेले होते. क्षेत्राविना थंड केल्यास वक्र जागच्या जागी राही. आणि तापमान २० अंशांच्या आसपास चढले की हे विचलन पार नाहीसे होई. हे २० अंश कोबाल्ट ऑक्साइडच्या आयुष्यात फार महत्त्वाचे आहेत, आणि सगळ्या कोड्याची किल्ली तेथेच आहे.

कोबाल्ट ऑक्साइड हा प्रतिलोहचुंबकीय पदार्थ. लोखंडात शेजारशेजारच्या अणूंचे सूक्ष्म चुंबक एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. येथे मात्र एका ओळीतले उत्तरेकडे तर पुढच्या ओळीतले दक्षिणेकडे पाहतात, आणि सगळ्यांची बेरीज शून्य येते. अशी रचना असू शकते हा विचार फ्रान्सच्या लुई नेल यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडला, आणि १९४९ मध्ये शल व स्मार्ट यांनी न्यूट्रॉनांच्या साह्याने मँगनीज ऑक्साइडमध्ये तिचा प्रत्यक्ष दाखला मिळविला. ठरावीक तापमानाच्या वर ही शिस्त मोडते. त्या मर्यादेला नेल तापमान म्हणतात, आणि कोबाल्ट ऑक्साइडचे नेल तापमान सुमारे २० अंश आहे.

आता घडते ते असे. क्षेत्रात ठेवलेला कोबाल्ट आधीच एका दिशेला वळलेला असतो. कवच मात्र अद्याप अव्यवस्थित असते. ते नेल तापमानाखाली उतरू लागले की कोबाल्टला लागून असलेली त्याची पहिली ओळ शेजाऱ्याचा रोख पाहून स्वतःचा रोख ठरविते, तिच्यावरून दुसरी, आणि अशी ती सगळी रचना गोठून जाते. पुढे बाहेरील क्षेत्र उलटविले, तर कोबाल्ट वळू पाहतो. परंतु ज्याची बेरीजच शून्य, त्या कवचावर क्षेत्राचा जोर चालत नाही, आणि सीमेवरची ओळ कोबाल्टला मूळ दिशेकडे ओढीत राहते. जमिनीच्या मोजणीच्या दिवशी रोवलेला हद्दीचा दगड पुढे कोणाचाही ताबा आला तरी आपल्या जागी उभा असतो, तसे हे आहे. इंग्रजीत याला एक्स्चेंज बायस हे नाव पडले. मराठीत विनिमय-कल म्हणावे, असे मला सुचवावेसे वाटते, कारण 'कल' या शब्दात झुकणे आणि पसंती हे दोन्ही अर्थ आहेत. हा दगडही अगदी अचल नसतो: तोच वक्र पुनःपुन्हा काढला की विचलन थोडेथोडे घटते.

मिश्रधातूंत ही गोष्ट अधिकच मनोवेधक होते, कारण तेथे वेगळ्या कवचाची गरजच उरत नाही. कूव्हेल आणि ग्रॅहॅम यांनी १९५९ मध्ये निकेल-मँगनीजच्या अव्यवस्थित मिश्रधातूत हेच विचलन दाखविले. त्या धातूत मँगनीजचा अणू मँगनीजशेजारी आला की दोघे परस्परविरुद्ध वळू पाहतात, निकेलशेजारी आला की एकदिशेने. म्हणजे दोन्ही प्रवृत्ती एकाच तुकड्यात, अणूंच्या अंतरावर, नांदतात. मिश्रधातूचे चुंबकत्व घटकांच्या बेरजेवरून काढता येत नाही, हे जर्मनीच्या फ्रिट्झ हॉइस्लर यांनी १९०३ मध्येच दाखविले होते: तांबे, मँगनीज आणि ॲल्युमिनियम यांपैकी एकही लोहचुंबकीय नसताना त्यांची मिश्रधातू मात्र लोखंडासारखी चुंबकाकडे ओढली जाते. धातूत शेजार कोणाचा आणि किती अंतरावर, यावर सारे अवलंबून असते.

मिकलजॉन-बीन यांच्या सरळ हिशेबाने विचलन जेवढे यावे, त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासच ते पुष्कळ थरांत प्रत्यक्ष आढळते. सीमा आरशासारखी सपाट नसते. तिच्यावरील खाचखळगे आणि प्रतिलोहचुंबकाचे अंतर्गत विभाग हिशेब बिघडवितात, आणि नेमका वाटा कोणाचा, याविषयीचे मतभेद अद्याप पूर्णपणे मिटलेले नाहीत.

फर्ट आणि ग्र्यूनबर्ग यांनी १९८८ मध्ये महाचुंबकरोध शोधल्यावर या कलाला काम मिळाले. दोन चुंबकीय थरांपैकी एक मोकळा आणि दुसरा प्रतिलोहचुंबकाने जखडलेला असला, की त्यांच्या दिशांतील फरकाप्रमाणे विद्युत्-रोध बदलतो, आणि चुंबकीय तबकडीवरील नोंद वाचता येते. आयबीएम कंपनीने १९९७ मध्ये अशी वाचनशीर्षे असलेल्या तबकड्या बाजारात आणल्या. प्रतिलोहचुंबकीय पदार्थ सिद्धान्तदृष्ट्या कुतूहलजनक असले तरी त्यांचा काही उपयोग दिसत नाही, असे नेल यांनी १९७० च्या नोबेल व्याख्यानात म्हटले होते. त्यांचे भौतिकशास्त्र अचूक होते, भाकीत मात्र टिकले नाही: आज संगणकांतील फिरत्या तबकड्यांच्या वाचनशीर्षांत तो जखडलेला थर धरून ठेवण्याचे काम इरिडियम आणि मँगनीज यांची प्रतिलोहचुंबकीय मिश्रधातू करते.