सातचा पाढा त्रेसष्टावर का थांबतो?

संगणकाकडून सातचा पाढा म्हणवून घेणे सोपे आहे. पायथन या भाषेत दोन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत ‘रेंज’ला १ आणि १० या दोन संख्या द्यायच्या. दुसऱ्या ओळीत, येणाऱ्या प्रत्येक संख्येला ७ ने गुणून उत्तर छापायला सांगायचे. संगणक ७, १४, २१ असे भराभर छापत जातो आणि ६३ वर थांबतो! सात दाहे सत्तर गेले कुठे?

शिक्षक शेजारी असतील तर हे कोडे मिनिटात सुटते. पण पुस्तक समोर ठेवून एकटाच शिकणारा मुलगा काय करील? तो दोन्ही ओळी पुन्हा तपासतो. त्या बरोबरच असतात. शेवटी ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून तो नाद सोडून देतो. वास्तविक पुस्तकाने एक वाक्य गाळलेले असते: ‘रेंज’ दुसऱ्या संख्येच्या आधीच थांबते. १० पर्यंत जायचे तर ११ लिहावे लागते.

ही पद्धत विचित्र वाटली तरी सोयीची आहे. १ ते १० आणि १० ते २० असे दोन तुकडे जोडले, तर १० ही संख्या दोनदा येत नाही. डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९८२ साली एका टिपणात हीच पद्धत उत्तम का, ते मांडले होते.

मग लेखक ते वाक्य का गाळतो? कारण त्याच्या ते अंगवळणी पडलेले असते. जोगेश्वरीला उतरायचे तर धिमी गाडी पकडायची, हे अंधेरीच्या माणसाला सांगावेसेच वाटत नाही. पाहुणा मात्र जलद गाडीत बसून पुढे निघून जातो.

यावर एक उपाय अंधेरी आणि मुलुंड यांच्या मधल्या पवईत वापरला गेला. तेथील आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली, केंद्र सरकारच्या साहाय्याने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. एकेक पाठ साधारण १० मिनिटांचा. पडद्याच्या एका बाजूला पाठ चालू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला तीच कृती स्वतः करायची, अडले की पाठ थांबवायचा. शिक्षक नसलेल्या ठिकाणीही शिकता यावे, हा हेतू.

पाठ ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी त्याची संहिता दोन रकान्यांत लिहितात. एकात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात काय बोलायचे ते. जाणकार ती तपासतात. पण मला महत्त्वाची वाटते ती नवशिक्याची तपासणी. विषय ठाऊक नसलेल्या माणसाला संहिता देतात आणि तिच्याबरहुकूम काम करायला सांगतात. तो जिथे अडखळतो तिथे संहिता अपुरी आहे असे समजायचे. जाणकाराची नजर अशा जागेवरून सहज घसरून जाते.

पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. पडद्यावरचे शब्द मात्र इंग्रजीच राहतात, कारण संगणकावर तेच दिसतात. ध्वनी बदलताना पडद्यावरच्या हालचालींशी वेळ जुळवावी लागते. हे जिकिरीचे काम आहे! मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘दाबा’ हा शब्द उच्चारेपर्यंत पडद्यावर बटण दाबून झालेले असते.

तुम्हालाही ही तपासणी घरी करता येईल. पाढ्याची कृती कागदावर लिहा आणि पायथन न शिकलेल्या मित्राला द्या. शेजारी बसा, पण एक शब्दही बोलू नका. तो थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करा. गप्प बसणे किती अवघड असते, तेही कळेल.

आता एक प्रश्न. सातचा पाढा ७० पासून ७ पर्यंत उलटा हवा असेल, तर ‘रेंज’ला तीन संख्या देतात: १०, ० आणि उणे १. यांतील मधली संख्या १ का नाही?